शंखांची रेघ

हिंगणखोरीत दोन भावांचं बांधावरून वाजलं की तलाठ्याच्या आधी आश्रुबा शिंगाडेला बोलावणं जायचं. नेकनूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेलं हे शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. आश्रुबा धनगर, पन्नास वर्षं मेंढरांमागं हिंडलेला. स्वतःची जमीन जेमतेम एकरभर, पण दुसऱ्यांच्या जमिनींच्या शिवा तोंडपाठ. बांधाचा दगड मूळचा आहे की कुणी सरकवलेला, हे तो दगड उचलून खालचं गवत बघून सांगायचा. मूळच्या दगडाखाली गवत नसतंच. सरकवलेल्याखाली पिवळं पडलेलं सापडतं.

तो यायचा, कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढायचा, उजव्या मुठीत धरायचा आणि शिवेवरून चालत जायचा. दुसऱ्या टोकाला जाऊन मूठ उघडली की वाद मिटला. बिरोबाचा भंडारा मुठीत असताना धनगर खोटं चालत नाही, हे सगळं गाव धरून होतं. भाऊ एकमेकांना शिव्या देत घरी जायचे, पण आश्रुबाला कुणी काही म्हणायचं नाही. एकदा एकानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तात्या, जरा मपल्या अंगानं चाला, एक बोकड देतो." आश्रुबा म्हणाला, "आधी चालून येतो. मंग बी देवावा वाटला तर दे." बोकड काही आला नाही.

त्याच आश्रुबानं एकदा खोटं चालून दाखवलं. दोन वर्षं गावात कुणाला ते कळलं नाही. बायकोच्या तेवढी एक गोष्ट नजरेला पडली होती, पण ती बोलली नव्हती.

गावाच्या खालच्या अंगाला गायरानात एक पसरट खोलगट जागा आहे, तिला चोपणी म्हणतात. उन्हाळ्यात बघावी तर भेगाळलेली काळी जमीन, चार बाभळी आणि लव्हाळ्याचे वाळके बुंधे. परक्याला वाटावं, पडीक. पण भाद्रपदात डोंगराचं पाणी तिथं येऊन थांबायचं आणि संक्रांतीनंतर सावकाश मागं सरकायचं. सरकत्या पाण्यामागं गवत उगवायचं. चैत्रात सगळं शिवार करपलेलं असताना मेंढरांना तोंड घालायला चोपणीच्या कडेला हिरवं असायचं, आणि खालच्या विहिरींचा तळ उघडा पडायचा नाही.

पाणी कुठवर येतं हे आश्रुबाला वीतभराच्या फरकानं ठाऊक होतं, आणि ते धंद्यामुळं. पाण्याच्या कडेला बारीक गोगलगायी असतात. त्यांच्या जागेवरचं ओलं गवत मेंढरानं खाल्लं की त्याच्या काळजात किडे होतात, जबड्याखाली पाणी भरून सूज येते आणि दीड-दोन महिन्यांत मेंढरू आडवं होतं. पाणी आटल्यावर मेलेल्या गोगलगायींचे करंगळीच्या नखाएवढे पांढरे शंख एका रेघेनं पडून राहतात. जमीन खडखडीत वाळेपर्यंत मेंढरू त्या रेघेच्या आत सोडायचं नाही. आश्रुबाला बापानं अक्षर शिकवलं नाही, पण ही रेघ शिकवली. सात वर्षांचा असताना त्यानं दोन कोकरं आत जाऊ दिली, तर बापानं ओल्या फोकानं पाठ लाल केली होती.

दोन वर्षांमागचा मे महिना. पाऊस हुकलेलं वर्ष होतं, चोपणीत आदल्या पावसाळ्यातही पाणी साचलं नव्हतं. तेव्हा जिल्ह्यातल्या पाणथळ जागांची मोजणी निघाली. बीडहून एक इंजिनिअर बाई येणार होती. आदल्या दिवशी तानाजीराव हॉटेलात आश्रुबाच्या शेजारी येऊन बसले. तानाजीराव म्हणजे गावातली मोठी असामी. चोपणीला लागून त्यांची वीस एकर जमीन, ती सोलरच्या कंपनीला भाड्यानं द्यायचं चाललेलं.

"तात्या, उद्या मॅडम येतेत. वाट दाखवायला तुमालाच बोलवतेत."

"कशाची वाट?"

"चोपणीची. पाणथळ म्हून नोंद व्हायचीय."

"झाली तर झाली. पाणीच ऱ्हातंय तिथं."

"झाली तर झाली कसं? सरकारी नोंद झाली की तारेचं कुंपाण आलं. फॉरेस्टनं डोंगराचं काय केलं, इसरलात का?"

आश्रुबा विसरला नव्हता. बारा वर्षांपूर्वी डोंगरावर रोपं लावली, भोवती चर खणला आणि चराई बंद झाली. त्याच्या अठरा मेंढ्या चुकून आत गेल्या, त्या तीन दिवस कोंडवाड्यात राहिल्या. पाण्यावाचून दोन कोकरं तिथंच मेली. ती झोळीत घालून तो घरी आला होता.

"मंग काय करावं म्हणता?"

"मी काय म्हणत न्हाई बुवा. तुमचं तुमी बघा." तानाजीरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघताना आश्रुबानं भंडाऱ्याची पिशवी खुंटीवरून काढली, हातात घेतली आणि पुन्हा खुंटीला लावली. त्यानं स्वतःलाच समजावलं, की सरकारला भंडारा लागत नाही, अंगठा लागतो. भंडारा उचललाच नाही, तर बिरोबा मध्ये येतोच कुठं.

इंजिनिअर बाईचं नाव संस्कृती. वय पंचवीसच्या आसपास, पायात बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिच्या हातात पुरुषभर उंच काठी होती, काठीवर टोपीसारखं पांढरं यंत्र. टेकवली की यंत्र बारीक आवाज करायचं आणि ती जागा नकाशात उतरायची.

"मामा, वरून काढलेले फोटो आहेत आमच्याकडे, पण ते दुष्काळाच्या वर्षांतले. पाणी दिसत नाही. चांगल्या पावसाला जास्तीत जास्त जिथवर येतं, तिथून चाला. मी मागून येते."

आश्रुबा शंखांच्या रेघेपाशी गेला. पायाशी पांढरे ठिपके दिसत होते. तिथून तो आत वळला, चाळीस पावलं आत, आणि मग चालू लागला. त्याचा हिशेब सरळ होता. मधलं सरकारनं तार लावून न्यावं, कडेचा पट्टा मेंढरांना राहावा. मागून यंत्र आवाज करत होतं. एका ठिकाणी ती थांबली, मागं बघून म्हणाली, "मामा, तिकडं बाहेर ते शंख कसे?"

"पाखरं आणून टाकतेत," आश्रुबा म्हणाला.

तिनं ते वहीत लिहून घेतलं. आजवर त्याचं बोलणं कुणी इतकं मन लावून लिहून घेतलं नव्हतं.

पंचनाम्यावर त्यानं अंगठा दिला. क्षेत्र भरलं एक हेक्टर ब्याऐंशी आर, म्हणजे साडेचार एकर. खरी चोपणी अकरा एकरांची. आणि त्याला जे माहीत नव्हतं ते असं, की त्या यादीत सव्वादोन हेक्टरच्या वरच्याच जागा घेणार होते. चोपणी लहान ठरली आणि यादीतून सरळ गळाली. मधल्या तुकड्यालाही सरकारी तार लागणार नव्हती. आता तिथं काहीही करायला आडकाठी नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात मुरमाच्या गाड्या आल्या. तानाजीरावांच्या वीस एकराला जोडून गायरानाचा तुकडाही प्रकल्पाला मिळाला. भराव सुरू झाला तो कडेकडेनं, आश्रुबानं मेंढरांसाठी वाचवलेल्या पट्ट्यावरूनच. रोलर फिरला, चार फूट उंचीचा ओटा झाला, त्यावर सोलरचे निळे पत्रे उभे राहिले, भोवती जाळी. अर्धी चोपणी गेली. उरलेली अर्धी दुसऱ्या टप्प्यात भरायची होती.

आश्रुबाचा मुलगा सोमनाथ तिथं वॉचमन म्हणून लागला. शिट्टी आणि निळा शर्ट मिळाला. पहिल्याच आठवड्यात त्याला शिट्टी वाजवावी लागली ती बापाच्या मेंढरांवर. आश्रुबानं मेंढरं वळवली. सोमनाथ जाळीपलीकडून म्हणाला, "आप्पा, मी काय करू, ड्यूटी हाय." आश्रुबा म्हणाला, "तुझं काय चुकलं न्हाई." हे तो इतक्या हळू म्हणाला की पोराला ऐकूही गेलं नसेल.

मग गेल्या भाद्रपदात आभाळ फाटलं. दोन दिवस दोन रात्री पाऊस. डोंगराचं पाणी नेहमीच्या वाटेनं चोपणीकडं आलं, ओट्याला धडकलं आणि बाजूनं वळून खाली भिवराबाईच्या रानात घुसलं.

भिवराबाई विधवा. दोन एकर रान, एक विहीर, मुलगी सासरी. दर हिवाळ्यात आश्रुबा तिच्या रानात मेंढरं बसवायचा. तिला लेंडीखत मिळायचं, त्याला मुक्कामाला जागा. ती त्याला दादा म्हणायची. पाणी ओसरल्यावर आश्रुबा गेला तेव्हा सोयाबीन नव्हतंच, मातीही नव्हती. हातभर खोल खरडून खालचा मुरूम उघडा पडला होता. विहीर गाळानं काठोकाठ. बांधाचे दगड कुठल्या कुठं गेलेले.

भिवराबाई बांधावर बसली होती, म्हणजे जिथं बांध होता तिथं. म्हणाली, "दादा, आजवर पाणी ह्या अंगानं कदी आलं न्हवतं. कावून आलं असंल?"

आश्रुबानं पायाजवळचा एक धोंडा उचलून बाजूला ठेवला.

"देवाची करणी. त्याच्याफुडं कुणाचं चालतंय," ती म्हणाली.

आठ दिवस तो तिच्या रानातले धोंडे वेचत राहिला. मेंढरं चतुराबाईच्या, म्हणजे बायकोच्या, हवाली केली. दुपारी भिवराबाई भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन यायची. एकदा भाकरी हातावर ठेवत म्हणाली, "भाऊबंद फिरकले न्हाईत. तुमी हाव म्हून धीर हाय." तेवढी भाकरी संपवून तो पुन्हा धोंड्यांना लागला. किती धोंडे उचलले की फिटेल, असं काहीतरी त्याच्या मनात चालायचं. मग लक्षात यायचं, की हे धोंडे उचलून आपण तिच्याकडून आणखी दुवाच घेतोय. फुकट.

नवव्या दिवशी पाठ धरली. चतुराबाई तेल चोळत होती.

"किती दिस उचलायचेत अजून?" ती म्हणाली.

"हायेत थोडे."

"त्या दिशी पिशवी खुंटीला व्हती." ती पाठ चोळतच राहिली. "मॅडम आलत्या त्या दिशी. मी बघितलं."

आश्रुबा पालथा होता तसाच म्हणाला, "मंग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, इसरलेत."

"आन आता?"

"आता तुमची पाठ सांगतीय."

वाहून गेलेल्या रानांच्या तक्रारी वर गेल्या. जानेवारीत पुन्हा पाहणी लागली आणि तीच संस्कृती येणार असल्याचा निरोप आला. या वेळी पाहणीत चोपणी मोठी ठरली तर दुसरा टप्पा थांबणार होता, उरलेली अर्धी जागा वाचणार होती. नाही ठरली तर आठवड्याभरात मुरूम येणार होता, आणि पुढचा पाऊस भिवराबाईच्याच नाही, खालच्या सगळ्यांच्या रानात उतरणार होता.

सकाळी सोमनाथ शर्ट घालता घालता म्हणाला, "आप्पा, मागं सांगितलं तेच सांगा. उगं नवं काय काढू नका. सुपरवायझर मला इचारत व्हता, तुझा बाप पंच हाय का म्हून."

"तू काय बोललास?"

"म्हणलो, बाप शिवेचा माणूस हाय, एकदा बोलला की बदलत न्हाई."

चोपणीवर वीस-पंचवीस माणसं जमली होती. तानाजीराव, सुपरवायझर, सोमनाथ जाळीपाशी, भिवराबाई आणखी दोघी-तिघी बायांबरोबर. उरलेल्या अर्ध्या भागात पाणी होतं, कडा नुकती मागं सरकू लागलेली. संस्कृतीनं नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला.

"मामा, ही तुम्ही चाललेली रेघ. आज पाणी मागं सरकतंय तरी या रेघेच्या बाहेर उभं आहे. हे कसं?"

तानाजीराव म्हणाले, "औंदा पाऊसच तसा झाला मॅडम. एखांद्या साली येतंय."

सगळे आश्रुबाकडं बघू लागले. एवढ्यावर मान हलवली असती तरी भागलं असतं. तसा पाऊस खरोखरच झाला होता.

"त्या दिशी मी खोटं चाललो," आश्रुबा म्हणाला.

कुणाला नीट उमगलं नाही. संस्कृती म्हणाली, "काय म्हणालात?"

"खोटं चाललो. चाळीस पावलं आतून. खरी रेघ भायेर हाय. कडंचं रान मेंढरांला ऱ्हावं म्हून केलं. नोंद झाली तर चराई बंद करताल, असं वाटलं."

संस्कृतीनं नकाशाची सुरळी केली. "मामा, यात चराईला बंदी नव्हतीच. पूर्वापार चालत आलेली चराई तशीच राहणार होती. भराव टाकायला बंदी होती, बांधकामाला होती. तुम्ही एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

आश्रुबाला हे ठाऊक नव्हतं. त्याला इतके दिवस वाटत होतं, की आपण खोटं बोललो, पण कारण तरी होतं. आता कारणही उरलं नाही. त्यानं कमरेची पिशवी सोडली, मुठीत भंडारा घेतला. "आता खरं चालून दावतो."

"ते राहू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मागं एक सांगितलंत, आज दुसरं सांगताय. यातलं मी कुठलं लिहू? उद्या समोरचा वकील म्हणेल, आज कशावरून खरं? तुमचा शब्द आता कागदावर चालणार नाही मामा."

आश्रुबा मूठ धरून उभा राहिला.

"पण जमीन चालेल," ती म्हणाली. "ते शंख पाखरं आणत नाहीत ना?"

"न्हाई. तेबी खोटंच व्हतं."

तिनं गाडीतून एक लोखंडी नळी काढली. ती ठोकून वर ओढली की आतून हातभर मातीची कांडी बाहेर यायची. शंखांच्या रेघेच्या बाहेर माती साधी तांबूस काळी. रेघेच्या आत मात्र वीतभराखाली राखेसारखी करडी, त्यात गंजाचे ठिपके. वर्षानुवर्षं पाणी थांबलं तरच मातीला असा रंग येतो, असं तिनं जमलेल्यांना सांगितलं. आश्रुबा बोट दाखवायचा, ती नळी ठोकायची, कांडी बघायची, शंख मोजायची, फोटो काढायची, मगच काठी टेकवायची. अकरा ठिकाणी असं झालं. अकराही ठिकाणी रेघ त्यानं दाखवली तिथंच निघाली, पण एकदाही तिनं नळीच्या आधी काठी टेकवली नाही. असं कुणी त्याला तपासलं नव्हतं.

तानाजीराव शेजारून चालत होते. सातव्या ठिकाणी म्हणाले, "तात्या, तुमच्या चालण्यावर माझ्या बापानं अडीच हात बांध सोडलता. ते चालणं खरं व्हतं का?"

"खरं व्हतं."

"बापाला जाऊन इचारतो आता," तानाजीराव म्हणाले, आणि एक-दोघं हसले.

चार-सहा दिवसांनी आदेश आला. पुढचा निर्णय होईपर्यंत दुसऱ्या टप्प्याचा भराव बंद. भरलेलं मात्र भरलेलंच राहिलं. सोमनाथची ड्यूटी वडवणीकडच्या साइटवर गेली. तो पंधरवड्यानं घरी येतो, आईशी बोलतो. गावात तीन जुन्या बांधांचे वाद पुन्हा उकरून निघाले, आश्रुबानं वीस-वीस वर्षांपूर्वी मिटवलेले.

भिवराबाई त्या दिवशी चोपणीवरून सरळ घरी गेली होती. आश्रुबा दोनदा तिच्या उंबऱ्यापर्यंत गेला. तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली. तो बोलायला लागला की ती चुलीकडं वळायची. शेवटी तिसऱ्यांदा तो उभ्या उभ्याच म्हणाला, "तुज्या रानाचं मीच केलं, भिवरे."

"ऐकलंय मी," ती म्हणाली. "तितंच व्हते."

फाल्गुनात कळलं, की तिच्या रानाच्या हद्दीचे दगड पुन्हा बसवायचेत. शेजारचं रान हरिओम नावाच्या तरण्या गड्याचं. मधला बांध वाहून गेल्यापासून त्याचा नांगर दर फेरीला थोडा तिच्याकडं सरकत होता. आश्रुबा न बोलावता गेला. तिथं बीडचा मोजणीवाला यंत्र लावून बसला होता.

भिवराबाई म्हणाली, "दादा, तुमी सावलीला बसा. मोजणी बोलवलीय मी."

तो लिंबाखाली बसला. मोजणीवाल्यानं जुन्या नकाशावरून खुणा काढल्या, खुंटी रोवली. आश्रुबानं बघितलं आणि तो उठला. मूळचा दगड त्यानं चाळीस वर्षं बघितला होता. खुंटी त्या दगडाच्या जागेपासून दोन हात आत, भिवराबाईच्याच रानात आली होती.

"भिवरे, दगड इथं न्हवता. तिकडं व्हता, दोन हात. त्या करंजीच्या बुंध्याला लागून."

मोजणीवाल्यानं मान वर केली. हरिओम म्हणाला, "तात्या, ऱ्हाऊ द्या की आता."

भिवराबाईनं करंजीच्या बुंध्याकडं बघितलं, मग खुंटीकडं. आश्रुबाकडं तिनं बघितलं नाही. तिचं दोन हात रान जात होतं, हे तिलाही दिसत असणार. करंजी तिच्याच सासऱ्यानं लावलेली.

"यंत्र म्हणतंय तसं लावा," ती म्हणाली.

हद्दीला लावायचा दगड जड होता. हरिओम एकटा उचलू शकेना. आश्रुबानं दुसऱ्या बाजूनं हात घातला. दोघांनी तो खुंटीपाशी आणला, खड्ड्यात उभा केला, आणि आश्रुबानं भोवतीची माती पायानं दाबून घट्ट केली.